अनुक्रमांक चारशे बारा, मयत

मी एका जित्या माणसाला मारलं, आणि तेही सरकारी कामात. हसू नका. आमच्या गावात, पिशोरात, सगळे हसले, म्हणून आधीच सांगते, हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मी सुरेखा. अंगणवाडीत सेविका आहे, आणि गेली अकरा वर्षं आमच्या भागाच्या मतदारयादीचं लचांडही माझ्याच गळ्यात आहे. सकाळी पोरांची वजनं करायची, खिचडी वाटायची, आणि दुपारी यादी बगलेत मारून दारोदार हिंडायचं. कोण अठरा वर्षांचं झालं, कोण लग्न होऊन सासरी गेलं, कोण मेलं. मेलेल्याच्या नावापुढं 'मयत' लिहायचं, फॉर्म भरायचा, तहसीलला पोचवायचा. पुढच्या यादीतून ते नाव उडतं. एवढं सोपं काम आहे म्हणतात साहेब लोक. त्यांनी एकदा उन्हातून फिरून बघावं.

ज्याला मी मारलं त्याचं नाव कडुबा. त्याच्या आईची आधीची दोन लेकरं वर्षाच्या आतच गेली होती, म्हणून तिसऱ्याचं नाव तिनं कडुबा ठेवलं. आमच्याकडं ठेवतात असं. कडू जिनसाला मरण तोंड लावत नाही, अशी समजूत. आणि खरंच लावलं नाही हो. पटकी आली, दुष्काळ आला, एकदा तर हा माणूस विहिरीत पडून वर आला. त्र्याहत्तर वर्षं मरण त्याच्या वाटेला गेलं नाही. गेले ते मीच.

कडुबामामा गावचे कोतवाल होते. पोलिसातला कोतवाल नव्हे, तलाठ्याच्या हाताखालचा गावकामगार. दवंडी द्यायची, नोटिसा वाटायच्या, साहेब आले की चावडी झाडायची, पाणी भरायचं. आणि गावात कोणी मेलं की दप्तरात वर्दी द्यायची. हे शेवटचं काम ते देवाच्या पूजेसारखं करायचे. शाळा नाही शिकलेली, सहीच्या जागी अंगठा, पण तलाठ्यासमोर ताठ उभं राहून टोपी सारखी करायची आणि एका दमात सांगायचं. अमुक तमुक, वय इतकं, अमुक वारी, अमुक वक्ताला मयत. म्या तोंड पाह्यलं.

ते तोंड पाहणं महत्त्वाचं. मेलेल्याचं तोंड स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मामा वर्दी देत नसत. पाऊस असो, पहाट असो, जाऊन पाहून यायचे. एकदा माऊली नावाचा गडी ऊसतोडीला गेला आणि तिकडं ट्रॉली उलटून मेला असा निरोप आला. घरात रडारड झाली, बायकोच्या बांगड्या फोडल्या. मामांना म्हणाले, वर्दी द्या. मामा म्हणाले, "म्या तोंड नाय पाह्यलं." लोकांनी शिव्या घातल्या. दीड महिन्यानं माऊली हातात पिशवी घेऊन चालत गावात आला. तेव्हापासून पिशोरात असं झालं की कडुबानं सांगितलं तरच माणूस मेला.

मला यादीचं काम मिळालं तेव्हा मामा निवृत्त झालेले. पण मी पहिल्या दिवशीच त्यांच्या दारात गेले, कारण मला माहेरचं गाव पाठ, सासरचं कुठून असणार? मग आमची रीत पडली. चावडीच्या ओट्यावर दोघांनी बसायचं. मी नाव वाचायचं. मामा "हाय" म्हणायचे, नाहीतर काही न बोलता डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवायचे. टोपी निघाली की मी 'मयत' लिहायचं. हजारावर नावं एका दुपारी व्हायची. मामांची बायको आशामामी अधूनमधून चहा घेऊन यायची आणि मला म्हणायची, "बाई, माझं नाव वाचलं की बघा हं यांच्याकडं, एखांद्या दिशी टोपी काढतील." मामा चिडायचे. "गप बस, भवाने." ती हसत हसत कप घेऊन जायची.

आणि निवडणुकीच्या दिवशी पहिलं मत मामांचं. ही रीत अठ्ठ्याहत्तर सालच्या विधानसभेपासूनची. त्या वेळी सकाळी सात वाजता शाळेसमोर दीडशे माणूस, पण पहिला कोणी पुढं होईना, सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. केंद्राध्यक्ष वैतागून कोतवालाला म्हणाला, तूच टाक रे. मामांनी टाकलं आणि मागोमाग रांग लागली. तेव्हापासून दर निवडणुकीला लोक म्हणायचे, कडुबाची बोहनी झाल्याशिवाय पेटी चालत नाही. पुढं मशीन आली तरी बोहनी मामांचीच. मामांच्या मागं बायकांच्या रांगेत पहिली आशामामी. दोघांनी शाई लावलेली बोटं धरून घरी जायचं, वाटेत कोणी विचारलं कोणाला दिलं, तर मामी म्हणायची, "जो पाणी देईल त्याला. म्हंजी कोणालाच नाय."

आता माझ्या पापाकडं येते.

गेल्या विधानसभेच्या साली माझी लेक श्रेया बाळंतपणाला शहरात होती, उस्मानपुऱ्यात, तिच्या नणंदेच्या घरी. तिला त्रास झाला, टाके पिकले, मी एप्रिलच्या शेवटापासून दोन महिने तिच्या उशाशी. त्या काळात अक्षय तृतीयेच्या दिवशी आशामामी गेली. मला फोनवर कळलं. मी रडले, पण लेकीला सोडून येता आलं नाही. परत आले तर तहसीलचा तगादा, घरोघरची पडताळणी अमुक तारखेपर्यंत झालीच पाहिजे. साडेतीनशे घरं माझ्या डोक्यावर. मी आधी धावले मामांकडं, यादी वाचायला.

घराला कुलूप. शेजारची गौहरबी तालुक्याला, कन्नडच्या बाजाराला गेलेली. समोरच्या खोलीत अद्रक काढायला आलेलं परगावचं बिऱ्हाड होतं, त्यातली बाई म्हणाली, "इथं कोन नाय राहत, आमी आलो तवापून कुलूपच हाय." मी खिडकीतून आत पाहिलं. भिंतीवर फोटो, फोटोला वाळलेला हार, खाली उदबत्तीची राख. आणि फोटोत दोघं.

मला वाटलं, म्हातारीमागं म्हातारा गेला. आमच्याकडं होतं असं, दोन वर्षांत मीच चार जोडपी तशी लिहिली होती. तो फोटो मला माहीत होता. वेरूळच्या जत्रेत काढलेला, मागं रंगवलेला चंद्र, मामांचा हात मामीच्या खांद्यावर, दोघंही लाजून कॅमेऱ्याकडं न बघता जमिनीकडं बघतायत. मामीचा दुसरा फोटोच नव्हता, हे मात्र मला माहीत नव्हतं. तेराव्याला मामांची लेक द्वारका म्हणाली होती, फोटोवाल्याकडून आईला वेगळी कापून घेऊ. मामा म्हणाले, "कापायचं नाय. माझा हात कुठून कापशील?" मग लेकीनं हार घातला तो अख्ख्या चौकटीला. आणि बापाला घेऊन गेली गंगापूरला, आपल्या घरी.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी खिडकीतच उभी राहून यादी काढली. चारशे अकरा, आशाबाई, मयत. चारशे बारा, कडुबा, मयत. मृत्यूचे दाखले नव्हते, म्हणून पंचनामा केला. टपरीवरच्या दोघांनी न वाचता पंच म्हणून सह्या ठोकल्या. त्या घडीला त्यांनी माझ्या कुठल्याही कागदावर सही केली असती, मी मध्येच जाऊन त्यांचा चहा निवत ठेवला होता ना. तुम्ही म्हणाल, विचारायचं होतं कोणाला तरी. अहो, विचारायचं कोणाला? गावात कोण मेलं हे ज्याला विचारायचं, तोच माणूस मला हाराच्या आत दिसत होता.

नोव्हेंबरात मतदान झालं. मी शाळेच्या फाटकाशी टेबल टाकून चिठ्ठ्या वाटत होते. पावणेसात झाले असतील. समोरून धुतलेला पांढरा सदरा, टोपी, हातात काठी असे मामा येताना दिसले. गंगापुराहून आदल्या दिवशीच्या एसटीनं आलेले. माझ्या हातातल्या चिठ्ठ्या खाली पडल्या. खोटं सांगत नाही, मी पहिल्यांदा देवाचं नाव घेतलं. मेलेला माणूस दिसला म्हणून नव्हे. जिता दिसला म्हणून.

रांगेनं नेहमीसारखी वाट करून दिली. "या मामा, बोहनी करा." मामा आत गेले. मी मागं धावले, पण तोवर आतला ड्युटीवरचा परगावचा मास्तर यादीवरून बोट फिरवत मोठ्यानं बोलला होता, "आजोबा, तुमचं नाव वगळलंय. यादीत तुम्ही मयत आहात."

मग कोणीतरी मागून ओरडलं, "भूत आलं रे भूत!" आणि सगळी रांग हसली. मामाही हसले. पहिल्यांदा हसलेच ते. मग मास्तरला म्हणाले, "नीट बघा साहेब. कोण म्हनलं?" मास्तरनं माझ्याकडं पाहिलं. मामांनी माझ्याकडं पाहिलं. गौहरबी बायकांच्या रांगेत होती, ती तिथूनच करवादली, "अगे बाई, ये तो जिंदा हैं! कायकू मारे तुम इनकू?"

"मामा, चुकलं माझं," मी म्हणाले. "मी फोटो पाहिला. हार होता."

मामा हसायचे थांबले. त्यांनी मला फक्त एक विचारलं. "दोगांचं बी तुमीच लिवलं?"

"हो मामा."

"एकाच दिशी?"

"हो."

मला वाटलं आता शिवी येणार. काठी उगारली असती तरी मी खाल्ली असती. पण त्यांनी मागच्या माणसाला खांद्याला धरून पुढं केलं, "जा, तू टाक," म्हणाले, आणि बाहेर पटांगणातल्या कडुलिंबाखाली जाऊन बसले. सकाळी सात ते संध्याकाळी सहा. गौहरबीनं भाकरी नेऊन दिली ती तशीच राहिली. नजर रांगेवर. मी चिठ्ठ्या वाटत होते आणि मान वर केली की ते तिथं. दिवसभर माझी पाठ जळत होती. मशीनला सील लागलं तेव्हा ते उठले आणि काठी टेकत घरी गेले. गंगापूरला परत गेलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी नवीन नाव नोंदवायचा फॉर्म घेऊन त्यांच्या दारात. म्हटलं, एक अंगठा द्या, एक फोटो द्या, महिन्या दोन महिन्यांत नाव परत येतं. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." पंधरा दिवसांनी गेले. "ऱ्हाऊ द्या बाई." संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेले. तिळगूळ घेतला, अंगठा दिला नाही. मी चिडले. माझा स्वभावच तसा, चूक माझी असली तरी मला राग दुसऱ्याचा येतो. "मामा, असा रुसवा काय कामाचा? माणसाच्या हातून चुकत नाही का?" ते म्हणाले, "चुकतंय ना. तेच म्हंतो म्या." आणि आत निघून गेले.

गावाला तर खेळच सापडला. चहाच्या टपरीवर कोणी म्हणायचं, मयताला चहा द्यायचा का? पोरं काठीचा आवाज आला की पळायची. यमानं शिवलं नाही त्याला सुरेखाबाईनं शिवलं, हे तर माझ्या तोंडावर म्हणायचे. मामा कोणाला उत्तर देत नव्हते. हाक मारली तरी वळत नव्हते. लग्नाच्या पंगतीत बोलावलं तर मांडवाबाहेर उभे राहायचे आणि तसेच परतायचे. वाळत चालले होते. गालफडं बसली, सदरा अंगावर लोंबायला लागला.

मग फेब्रुवारीत दुसरंच सुरू झालं. आप्पासाहेब म्हणून आमच्या गल्लीतले बागायतदार आहेत, ते अंगणवाडीत पोरांसमोर माझ्यावर तडकले. "बाई, तुमचं ते भूत आवरा. काल माझ्या दारात आलं. मला विचारतंय, तुमची आई खरंच मेली का? तोंड पाह्यलं का?"

आप्पासाहेबांची आई, माझ्या त्या सालच्या यादीतली वगळलेली.

दुसऱ्या दिवशी दुसरं घर. मग तिसरं. त्या साली मी सोळा नावं वगळली होती, आणि मामा एकेका घरी जात होते. दारात उभं राहायचं, टोपी सारखी करायची, विचारायचं. तुमचा म्हातारा गेला का? कवा? तोंड कोण पाह्यलं? ज्यानं पाहिलं त्याला समोर बोलवायचं, त्याच्याकडून ऐकायचं, आणि जायचं. लोक भडकायचे, काही बाया घाबरून दार लावायच्या. एका घरात सून बिचारी भर दुपारी रडायला लागली. मेलेला तिचा नवरा होता, चाळीस वर्षांचा.

मला वाटलं, कळलं मला. म्हातारा माझ्याविरुद्ध पुरावा गोळा करतोय. आणखी एक जिता सापडला की गेला अर्ज कलेक्टरकडं, आणि गेली माझी नोकरी. मी घाबरले, हे कबूल करते. झोप उडाली. दुपारी अंगणवाडीत जरा डोळा लागला की दिसायचं, शाळेसमोर रांग लागलीय, आणि रांगेत अकरा वर्षांत मी ज्यांच्यापुढं 'मयत' लिहिलं ती सगळी माणसं. कोणी बोलत नाही. फक्त तोंडं झाकलेली. आणि मला एकेकाचं तोंड उघडून बघायला सांगतायत. मी दचकून उठायचे तर समोर पोरं खिचडी खात बसलेली. माझी मदतनीस म्हणायची, बाई, अंगारा आणा कुठून तरी.

मी घरोघरी फिरताना आता प्रत्येकाला म्हणायला लागले, सगळ्यांना बाहेर बोलवा, मला तोंडं दाखवा. लोक म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. फिरलंच होतं. मागं काठीचा आवाज आला की मला घाम फुटायचा, आणि वळून पाहिलं तर कोणीतरी भलताच म्हातारा शेळी घेऊन चाललेला असायचा.

जूनमध्ये बातमी आली की जिल्हा परिषदेची निवडणूक लागणार, आणि एक जुलैची यादी तिला धरणार. त्या यादीत मामांचं नाव नाही आलं, तर आता नाहीच. त्यांचं वय बघता मला ते स्पष्ट दिसत होतं. हा माणूस मेलेला म्हणूनच मरणार आणि ते माझ्या माथी राहणार.

मी तिरीमिरीतच गेले. भर दुपार. मामा ओट्यावर बसलेले, गौहरबी शेजारच्या भिंतीशी कपडे वाळत घालत होती. मी फॉर्म आणि शाईचा डबा त्यांच्यासमोर आपटला. "मामा, तक्रार करायची तर करा. नोकरी घालवायची तर घालवा. पण अंगठा द्या. मला सुखानं भाकरी जात नाही हो, तुम्हाला कळतंय का?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. "तकरार? कशाची तकरार?"

"मग घरोघर काय विचारत फिरता?"

मामांनी माझ्या पिशवीकडं पाहिलं. मग म्हणाले, "ती यादी हाय का जवळ? उडवल्याली? वाचा."

होती जवळ. सहा महिने पिशवीतच घेऊन हिंडत होते मी. वाचायला लागले. पहिलं नाव वाचलं. मामा म्हणाले, "खरं. ल्योकानं तोंड पाह्यलं." दुसरं वाचलं. "खरं. सुनंनं पाह्यलं." आप्पासाहेबांची आई. "खरं." एकेक करत चौदा झाली. चौदाही खरी. मग मी वाचलं, "चारशे अकरा, आशाबाई कडुबा."

मामा गप्प.

मी घाईनं पुढचं वाचलं. "चारशे बारा, कडुबा."

"हे खोटं," मामा म्हणाले. मग माझ्याकडं झुकले. त्यांचा आवाज एकदम लहान लेकरासारखा झाला. "बाई, तुमी एकाच खिडकीतून पाह्यलं. एकच हार. एकाच दिशी दोगांचं लिवलं. माझं चुकलं. मंग तिचं चुकलं नसंल कशावरून?"

मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

"त्या दिशी," मामा म्हणाले, "मास्तर म्हनला तुमी मयत, तवा मला काय वाटलं सांगू? मला लई हरिख झाला. म्हनलं, कागद चुकतोय. दप्तर चुकतंय. म्या लिंबाखाली बसलो. बायकांच्या रांगीकडं बघत. म्हनलं, माझ्यावानी तीबी यील. उशिरा यील, तिचं आवरतच नाय कवा लवकर. सहा वाजंस्तोर बसलो." त्यांनी फॉर्म हातानं बाजूला सारला. "माझं नाव दुरुस्त केलं की चूक मिटली. मंग तिचं तेवढं खरं ऱ्हातंय."

मी म्हणाले, "मामा, तुम्ही होतात ना घरात. तुमच्यासमोर..."

"म्या भिंतीकडं तोंड करून उभा व्हतो," मामा म्हणाले. "समदे म्हनले, कडुबा, तोंड पाह्य. पाणी घाल तोंडात. म्या नाय पाह्यलं. पाह्यलं आसतं तर वर्दी द्यावी लागली आसती."

म्हणून मृत्यूचा दाखला नव्हता. गावातल्या हजार माणसांची वर्दी देणाऱ्यानं घरातल्या एकीची दिली नव्हती, आणि कोणी विचारू नये म्हणून गंगापूरला पळाला होता. आणि मी, शहाणी, खिडकीतून ते काम उरकलं.

खोटं बोलावं असं माझ्या मनात आलं. शपथेवर सांगते, आलं. म्हणावं, हो मामा, तिचंही चुकलं असेल, बसा वाट बघत. पण त्यांच्या गळ्याची हाडं दिसत होती. असाच बसला तर हा माणूस दिवाळी बघत नाही, हे दिसत होतं. मी त्यांचा हात धरला. "मामा, चारशे अकरा बरोबर आहे. आशामामी गेल्या."

"तुमी तोंड पाह्यलं?"

"नाही."

"मंग?"

तेव्हा भिंतीपलीकडून गौहरबी बोलली. तिच्या हातात ओला परकर तसाच होता. "मैं देखी, भाई. पानी मैंच तपा के दी थी. मुँह मैं देखी."

मामांनी तिच्याकडं वळून पाहिलं. मग विचारलं, "कसं व्हतं?"

"नींद में सरीका," ती म्हणाली. "टिकली जरा सरक गई थी. मैं सीधी करी."

मामा उठले. काठी भिंतीला टेकवली. मला वाटलं आत जातात. पण ते ओट्याच्या कडेला ताठ उभे राहिले, टोपी सारखी केली, आणि माझ्याकडं बघून, मीच तलाठी असल्यासारखं, म्हणाले, "आशाबाई कडुबा. वय सहासष्ट. शुक्रवार, आखितीच्या दिशी, सकाळच्या वक्ताला मयत." तिथं थांबले. ओठ हलत राहिले. "म्या तोंड नाय पाह्यलं. गौहरबीनं पाह्यलं. लिवा."

मी त्या फॉर्मच्याच पाठीवर लिहिलं. डोळ्यातलं पाणी पडून शाई पसरली, म्हणून तो कागद नंतर मला बदलावा लागला. मग मामांनी स्वतःच शाईच्या डब्यात अंगठा बुडवला आणि जिथं मी बोट ठेवलं तिथं उमटवला. त्यांचं नाव पुढच्या यादीत आलं. लोक मला म्हणाले, सुटलीस बाई एकदाची.

पण त्या दुपारी अंगठा पुसायच्या आतच मामा मटकन खाली बसले आणि ओरडून रडायला लागले. तसा बाप्या माणसाचा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. दारं उघडली. अद्रक काढणारी माणसं आली, टपरीवरचे दोघं आले, पोरं आली, आणि जो तो येऊन चप्पल काढून मुकाट्यानं खाली बसायला लागला. कोणी बायांनी डोक्यावर पदर घेतला. गल्लीच्या टोकाकडून आप्पासाहेब घाईघाईनं आले, गर्दीत डोकावले, आणि मला हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं हो?"

"आशामामी," मी म्हणाले. तेही चप्पल काढून बसले.